गावातून ऑनलाइन बुद्धिबळ: कोणता डाव संगणकाशी, कोणता माणसाशी

नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमी इथं कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्यासोबत ग्रँडमास्टर किताबही मिळवला. रौनक साधवानी आणि संकल्प गुप्ता हेही नागपूरचेच ग्रँडमास्टर. पण नागपूर शहरातली गोष्ट वेगळी आणि आर्वी, दारव्हा किंवा धारणीच्या पलीकडच्या खेड्यातली वेगळी. तिथं प्रशिक्षक नसतो, बरोबरीचा खेळाडू सापडत नाही आणि टॉवरची वीज गेली की नेटवर्कही जातं. मग पोट्टे फोनवर संगणकाशीच खेळत बसतात. तो कधीही तयार असतो, आपण हरलो तरी कोणाला कळत नाही. वर्षभर असं खेळून पहिल्यांदा माणसाशी बसलं की सहा चालींत वजीर जातो, आणि इतका सराव कुठं गेला ते समजत नाही.

संगणक आणि माणूस दोघांशीही खेळायला हवं, पण वेगवेगळ्या कामासाठी. तंत्र पक्कं करायला संगणक, निर्णय घ्यायला शिकायला माणूस. ही वाटणी नीट केली तर दिवसाला पाऊण तास आणि साधा अँड्रॉइड फोन पुरतो.

सुरुवातीला नियम

पारावर किंवा घरात आजोबांकडून शिकलेला खेळ बहुतेक ठिकाणी देशी पद्धतीचा असतो. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं, राजाला शह बसण्याआधी एकदा घोड्याची अडीच घरं चालायची मुभा असते, आणि प्यादं शेवटच्या ओळीत ज्या घरात पोचेल त्या घराचा मोहरा मिळतो. गावागणिक यात थोडाफार फरक असतो. ऑनलाइन खेळ आंतरराष्ट्रीय नियमांनी चालतो, म्हणून चार गोष्टी आधी बोटांत बसवाव्या लागतात.

पहिली, प्यादं आपल्या मूळ घरातून दोन घरं जाऊ शकतं. दुसरी, तसं दोन घरं जाऊन ते समोरच्या प्याद्याच्या शेजारी थांबलं, तर एकच घर आलं असं समजून त्याला तिरकं मारता येतं, मात्र लगेच पुढच्याच चालीत. फोनवर आपलं प्यादं अचानक गायब झालं म्हणून ॲपमध्ये बिघाड आहे असं अनेकांना वाटतं. तो बिघाड नसतो, हाच नियम असतो. तिसरी, किल्लेकोट. राजाला दोन घरं हत्तीकडं सरकवलं की हत्ती आपोआप उडी मारून पलीकडं येतो. हत्तीला आधी हात लावला तर फक्त हत्ती सरकतो आणि त्या बाजूचा किल्लेकोट कायमचा जातो. चौथी, शेवटच्या ओळीत पोचलेल्या प्याद्याचा कोणत्याही घरात वजीर करता येतो, पहिला वजीर पटावर जिवंत असला तरी.

घरांची नावंही लवकर पाठ करावीत. पांढऱ्याच्या डावीकडून उजवीकडं ए ते एच असे उभे रकाने, आणि खालून वर १ ते ८ ओळी. पांढरा राजा ई१ वर, काळा ई८ वर. लीचेस (lichess.org) या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर यासाठी घरं ओळखायचा वेगळा सराव आहे, रोज दोन मिनिटं केला तरी पंधरवड्यात नजर बसते.

खातं आणि सेटिंग

लीचेस पूर्ण मोफत आहे, जाहिराती नाहीत, डाव कितीही खेळा. चेस डॉट कॉमवर खेळणं मोफत आहे, पण खेळलेल्या डावाचं सविस्तर परीक्षण मोफत खात्यात मर्यादित मिळतं आणि काही बॉट, म्हणजे संगणकी खेळाडू, पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत. चेस डॉट कॉमचे बॉट अगदी नवशिक्यापासून थेट महारथीपर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी लावलेले आहेत, ही तिथली जमेची बाजू. एकच निवडायचं असेल तर आमचा कौल लीचेसला, कारण परीक्षणासाठी तिथं खिशाला हात घालावा लागत नाही.

खातं काढल्यावर खेळायला बसण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन काही गोष्टी बदलून घ्याव्यात. समोरच्याची चाल यायच्या आधीच आपली चाल टाकून ठेवण्याची सोय, म्हणजे प्रीमूव्ह, बंद करा. नवशिक्याचे मोहरे जितके या सोयीमुळं जातात तितके क्वचितच दुसऱ्या कशामुळं जातात. मोहरा ओढून नेण्याऐवजी आधी मोहऱ्यावर, मग घरावर टिचकी मारायची पद्धत ठेवा. लहान स्क्रीनवर ओढताना बोट शेजारच्या घरात सुटतं. खेळताना फोन येऊ नये म्हणून डू नॉट डिस्टर्ब लावा. लहान मुलाचं खातं असेल तर लीचेसवर किड मोड चालू करा, त्यात अनोळखी माणसांशी होणाऱ्या गप्पा बंद होतात.

घरात एक फोन आणि तीन भावंडं असतील तर प्रत्येकाचं खातं वेगळं ठेवा. एकाच खात्यावर तिघं खेळले की रेटिंगला, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणाऱ्या आकड्याला, काही अर्थ राहत नाही, आणि खातं वाटून घेणं नियमातही बसत नाही. भावंडांनी आपसात खेळायचं असेल तर रेटिंग नसलेला डाव निवडावा.

संगणक कमी ताकदीवर कसा खेळतो

मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला डीप ब्लू या संगणकानं गॅरी कास्पारोवला सहा डावांच्या सामन्यात साडेतीन-अडीच असं हरवलं. त्यासाठी आयबीएमला खास यंत्र बांधावं लागलं होतं. आज साध्या फोनवर चालणारं स्टॉकफिश हे इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम, कोणत्याही जगज्जेत्यापेक्षा ताकदवान आहे. म्हणून पूर्ण ताकदीच्या संगणकाला हरवायचा नाद सोडून द्यावा.

त्याची ताकद कमी करून खेळता येतं. लीचेसवर १ ते ८ अशा पातळ्या आहेत. पण खालच्या पातळीवरचा संगणक नवशिक्या माणसासारखा चुकत नाही. त्याच्या विचाराची खोली कमी केलेली असते आणि चांगल्या चालींच्या यादीतून मधूनच मुद्दाम हलकी चाल उचलायला लावलेलं असतं. त्यामुळं तो पाच चाली अचूक खेळतो आणि सहाव्या चालीला घोडा फुकट देऊन टाकतो. खेळणाऱ्याला नकळत सवय लागते ती थांबण्याची: काही करायचं नाही, हा कधीतरी मोहरा देईलच. माणूस असा देत नाही. तो घाबरून चुकतो, लोभानं चुकतो, घड्याळ संपत आलं म्हणून चुकतो, आपला हल्ला रंगात आला असताना समोरून येणारा शह न दिसल्यामुळं चुकतो. त्याला चुकायला भाग पाडावं लागतं, आणि ती कला संगणकाशी खेळून येत नाही.

माणसासारखा चुकणारा संगणक हवा असेल तर माया वापरून पाहा. लीचेसवर माणसांनी खेळलेल्या डावांवरून, या पातळीचा माणूस इथं कोणती चाल करेल, हे ओळखायला तिला शिकवलेलं आहे. माया१ अकराशेच्या आसपास रेटिंग असलेल्यांच्या डावांवर तयार झाली, माया५ पंधराशेच्या, माया९ एकोणीसशेच्या. लीचेसच्या शोधात हे नाव रोमन लिपीत (maia1, maia5, maia9) टाकून, रेटिंग नसलेल्या डावाचं आव्हान द्यायचं. नेटवर्क मात्र लागतं.

नेटवर्क नसताना ड्रॉइडफिश हे ॲप कामी येतं. ते एकदा उतरवून घेतलं की स्टॉकफिश फोनमध्येच चालतं, ताकद कमी-जास्त करता येते. रब्बीत रात्रीच्या पाळीला वावरात पंपापाशी थांबावं लागतं, तेव्हा हा सराव होऊ शकतो. फक्त इंजिन बॅटरी भराभर खातं, म्हणून परतीच्या वाटेला टॉर्च लागणार हे लक्षात ठेवून चार्जिंग राखा.

संगणकाकडून करून घ्यायची कामं

पूर्ण डाव खेळण्यापेक्षा संगणकाचा खरा उपयोग ठरावीक स्थिती लावून खेळण्यात आहे. लीचेसवर बोर्ड एडिटर उघडा, पट रिकामा करा, हवे ते मोहरे मांडा, कोणाची चाल ते ठरवा, मग इथून पुढं खेळा हा पर्याय निवडून संगणकाशी डाव सुरू करा. इथं पातळी ८ ठेवायची. बचाव करणारा जितका चिवट तितका आपला हात पक्का होतो.

पहिली स्थिती: पांढरा राजा ई१, वजीर डी१, काळा राजा ई५, पांढऱ्याची चाल. कुठूनही सुरुवात केली तरी अचूक खेळानं वजिराची मात जास्तीत जास्त १० चालींत होते. नवशिक्याला २० लागल्या तरी चालेल. रीत अशी: वजीर काळ्या राजापासून घोड्याच्या चालीच्या अंतरावर आणून ठेवा, पण शह देऊ नका. मग तो राजा ज्या दिशेला सरकेल त्याच दिशेला वजीर तितकाच सरकवा. राजा आपोआप कडेला जातो. तो कोपऱ्यात शिरला की वजीर जागच्या जागी थांबवा आणि स्वतःचा राजा चालवत आणा. चुकतं ते इथंच. काळा राजा ए८ वर असताना वजीर घोड्याच्या अंतरावर, म्हणजे सी७ किंवा बी६ वर गेला, की काळ्याला शह नाही आणि चालही नाही. तो स्टेलमेट, डाव बरोबरीत. देशी डावात याचा निकाल कसाही लावत असोत, इथं हातातला विजय निम्म्यावर येतो.

दुसरी स्थिती वजिराऐवजी हत्ती घेऊन. यात अचूक खेळानं १६ चालींपर्यंत लागतात, सरावात ३० च्या आत आणायचं ध्येय ठेवा. प्याद्याची एकही चाल किंवा मारामारी न होता दोन्हीकडून पन्नास-पन्नास चाली झाल्या की बरोबरी मागता येते, म्हणून वेळकाढूपणा चालत नाही.

तिसरी स्थिती सगळ्यांत मोलाची, आणि सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं ते हिच्याकडं. पांढरा राजा ई५, पांढरं प्यादं ई४, काळा राजा ई७. चाल काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो, चाल पांढऱ्याची असेल तर डाव बरोबरीत सुटतो. मोहरे तेच, घरं तीच, निकाल ठरतो तो कोणाला हलावं लागतं यावर. दोन्ही बाजूंनी, दोन्ही पाळ्यांनी हा डाव वीस-पंचवीस वेळा खेळा. मग पांढरा राजा ई६, प्यादं ई५ आणि काळा राजा ई८ असं मांडा. इथं चाल कोणाचीही असो, पांढरा जिंकतो. या दोन स्थिती ज्याला झोपेतही येतात, तो वजीर मारामारीत काढायचा की नाही हे चटकन ठरवू शकतो. शालेय स्पर्धांत कितीतरी डाव याच ठिकाणी हातचे जातात.

चौथं काम म्हणजे पुढं असलेला डाव जिंकून दाखवणं. नेहमीची मांडणी लावा, काळ्याचा ए८ वरचा हत्ती काढून टाका, पातळी ५ वर खेळा. सलग तीनदा जिंकलात की हत्ती परत ठेवून बी८ वरचा घोडा काढा, नंतर पातळी ६ करा. नियम एकच: आपण पुढं असताना मोहरे बदलत जायचं, प्यादी राखायची, आणि घाईनं हल्ला करायचा नाही.

या सगळ्यात चाल परत घेणं आणि सूचना मागणं पूर्ण बंद. घड्याळही लावा, अमर्याद वेळ ठेवू नका. चाल परत घेत शिकलेला हात माणसासमोर थरथरतो.

माणसाशी खेळताना

लीचेसवर नव्या खात्याचं रेटिंग १५०० पासून सुरू होतं आणि त्यापुढं प्रश्नचिन्ह असतं, म्हणजे ते अजून कच्चं आहे. हे १५०० नवशिक्याचं रेटिंग नव्हे. पहिले पाच-सात डाव आपल्यापेक्षा बऱ्याच पुढच्या माणसांशी पडतात, हार होते, आकडा धडाधड खाली येतो. इथंच पुष्कळ जण खातं सोडून पुन्हा संगणकाकडं वळतात. तसं करू नका. आकडा आपल्या जागेवर उतरला की जोडीदारही आपल्या तोडीचे मिळायला लागतात आणि निम्मे डाव जिंकता येतात. चेस डॉट कॉमवर सुरुवातीला आपली पातळी विचारतात, तिथं प्रामाणिकपणे नवशिका निवडा.

वेळेची निवड नेटवर्क पाहून करा. बुद्धिबळाच्या चालींना डेटा अगदी नगण्य लागतो. अडचण डेटाची नसते, जोडणी मधूनच तुटण्याची असते. तुटली तरी आपलं घड्याळ चालूच राहतं. लहानसहान अडखळण्याची भरपाई लीचेस करतं, पण मिनिटभर टॉवर गेला तर समोरच्याला विजय मागण्याचा पर्याय मिळतो. म्हणून १ किंवा ३ मिनिटांचे डाव खेड्यातून खेळूच नयेत. १५ मिनिटं आणि प्रत्येक चालीला १० सेकंद वाढीव, म्हणजे १५+१०, हा सगळ्यांत चांगला पर्याय. १०+० मध्ये जिंकत असलेला डावही शेवटच्या मिनिटात घड्याळावर जातो. संध्याकाळी सगळं गाव व्हिडिओ बघत असतं तेव्हा नेट मंदावतं, सकाळी लवकर डाव लावून पाहा.

नेटवर्कचा भरवसाच नसेल, किंवा पेरणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत सलग अर्धा तास मिळत नसेल, तर पत्रव्यवहारी डाव लावा. यात एका चालीला १ ते १४ दिवसांपर्यंत मुदत ठेवता येते. तीन दिवसांची मुदत आणि एका वेळी चार-पाच डाव पुरेत. लाकडी पट असेल तर स्थिती त्यावर मांडून विचार करा, बाजारात किंवा तालुक्याला गेल्यावर नेट मिळालं की चाल टाका. अशा डावात सुरुवातीच्या चालींची पुस्तकं आणि संग्रह पाहायला परवानगी आहे. इंजिन वापरायला कोणत्याच डावात परवानगी नाही.

हे ठामपणे सांगायला हवं. माणसाशी डाव चालू असताना दुसऱ्या फोनवर स्टॉकफिश उघडणं ही फसवणूक आहे, आणि शेजारी बसून काकांनी चाल सुचवणं हीसुद्धा. दोन्ही संकेतस्थळं खेळाच्या नमुन्यावरून अशा चाली पकडतात आणि खातं बंद करतात. मुलाला आईबापांनीच हे नीट समजावून सांगावं.

पहिल्या काही दिवसांत एक डाव हमखास समोर येईल: चार चालींत मात. पांढरा ई४, आपण ई५. मग तो वजीर थेट एच५ वर आणतो. घाबरायचं नाही. घोडा सी६ वर, म्हणजे ई५ चं प्यादं राखलं गेलं. तो उंट सी४ वर आणतो, आता एफ७ वर मातीची धमकी आहे. आपण प्यादं जी६. तो वजीर एफ३ वर घेऊन पुन्हा तीच धमकी देतो, आपण घोडा एफ६. धमकी संपली, आपले दोन घोडे बाहेर आले, त्याचा वजीर मात्र उगाच फिरला. संगणकाशी हजार डाव खेळूनही हा सापळा भेटत नाही.

माणसासमोर प्रत्येक चालीला तीन प्रश्न: त्यानं ही चाल का केली, आता तो काय मारू शकतो, माझी चाल झाल्यावर माझा कोणता मोहरा उघडा राहील. त्यातही तो शह देऊ शकतो का, हे आधी पाहायचं. हरत असाल तर घड्याळ संपेपर्यंत फोन बाजूला टाकून जाऊ नका, सरळ डाव सोडा. पण नवशिक्यांच्या पातळीवर वजीर गेला म्हणून लगेच सोडूही नका, समोरचाही स्टेलमेट करून बसतो. लागोपाठ दोन डाव हरलात की त्या दिवशी रेटिंगचा डाव बंद. तिसरा डाव रागानं खेळला जातो.

डाव संपल्यावर

इथं दोघं एकत्र येतात: डाव माणसाशी, हिशेब संगणकाकडून. पण क्रम चुकवू नका. आधी संगणक न लावता डाव पहिल्यापासून चालवा आणि आपल्याला शंका होती अशा तीन जागा वहीत लिहा, प्रत्येकीपुढं आपण काय विचार केला होता तेही. मगच संगणकाचं विश्लेषण मागा. लीचेसच्या सर्व्हरवरचं विश्लेषण मागा, फोनमधलं इंजिन चालू ठेवू नका, फोन तापतो आणि बॅटरी उतरते.

आकडे वाचायला सोपे आहेत. प्याद्याची किंमत १, घोडा आणि उंट ३, हत्ती ५, वजीर ९. अधिक १ म्हणजे पांढरा साधारण एका प्याद्याइतका पुढं, उणे ३ म्हणजे काळा एका मोहऱ्याइतका पुढं. नवशिक्यानं दोनपेक्षा लहान फरकाकडं पाहूच नये. संगणक ०.४ चा फरक दाखवून चालीला नावं ठेवतो, त्यामागचं कारण समजायला अजून अवकाश असतो. जिथं आकडा एकदम तीन-चारनं घसरला ती जागा धरा, आपल्या चुकांतून शिका या पर्यायात जाऊन योग्य चाल स्वतः शोधा. वहीत चुकीचा प्रकार लिहा: मोहरा उघडा राहिला, घोड्याचा दुहेरी हल्ला दिसला नाही, घाई केली, शेवटच्या ओळीत मात बसली. वीसेक डावांनंतर वही उघडली की एकच प्रकार पुन्हा पुन्हा दिसेल. पुढच्या आठवड्याचा सराव तोच, मग ती संगणकाशी लावायची स्थिती असो किंवा त्या प्रकारची कोडी.

आठवड्याची वाटणी ढोबळमानानं अशी ठेवा: निम्मा वेळ माणसाशी डाव आणि त्यांचं परीक्षण, पाव वेळ कोडी, पाव वेळ संगणकाशी ठरावीक स्थिती. परीक्षण न करता रोज दहा डाव खेळण्यापेक्षा एक डाव आणि त्याचा पूर्ण हिशेब कितीतरी जास्त देऊन जातो.

स्पर्धेला जायचं असेल तर महिनाभर आधीपासून फोनवरचे काही डाव खऱ्या पटावर मांडत खेळा. सपाट चित्र बघायची सवय झालेल्या डोळ्याला उभ्या पटावरचा लांबचा उंट दिसत नाही. चालही तोंडानं बोलून कागदावर लिहायचा सराव करा, कारण मोठ्या वेळेच्या स्पर्धेत प्रत्येक चाल लिहावीच लागते. आणि तिथं हात लावलेला मोहरा चालवावाच लागतो, किल्लेकोट करताना हत्तीला आधी हात लावला तर हत्तीचीच चाल करावी लागते. म्हणून घरच्या सरावातही दोन्ही हात मांडीखाली ठेवून विचार करायचा, चाल ठरल्यावरच एक हात बाहेर काढायचा.